एनसीईआरटीचं अकरावीचं संविधानाचं पुस्तक: कार्टूनसाठी घ्याच, पण पोरांच्या हातात नुसतं देऊन मोकळे होऊ नका

मावसबहीण सीबीएसईची, अकरावीत, आणि मी एमपीएससीवाला, म्हणजे पॉलिटी शिकवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून सेकंड हँड कॉपी उचलली. २००६ साली आलेलं पुस्तक, जागोजागी राजकीय कार्टून्स, आणि मधेच उन्नी-मुन्नी नावाची दोन पोरं येऊन आगाऊ प्रश्न विचारतात. गाईड बघून जांभया देणारी ही बया पान उलटून आधी चित्रं बघते, मग "हा कोण, असा का काढलाय" सुरू.

फक्त एक लक्षात ठेवा, कार्टून दार उघडतं, आत आपल्यालाच न्यावं लागतं. वटहुकूम (संसद चालू नसताना काढलेला तात्पुरता कायदा) शिकवताना मी तिला व्यंगचित्रकार अबू अब्राहमचं १९७५ चं ते फेमस कार्टून मोबाईलवर दाखवलं, राष्ट्रपती बाथटबमध्ये बसूनच सही करून कागद परत देतायत. कलम १२३, म्हणजे राष्ट्रपतींचा वटहुकूम काढायचा अधिकार, दोन मिनिटांत डोक्यात बसलं! पण पुढच्या टेस्टला आमच्या बहिणाबाईंनी लिहिलं की राष्ट्रपती काहीच परत पाठवू शकत नाहीत. आता ४४ वी घटनादुरुस्ती १९७८ ची, तिच्यामुळे मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचाराला पाठवता येतो, हे १९७५ च्या चित्रात कुठून येणार, चूक माझीच.

व्यंगचित्रकार शंकरचं १९४९ चं गोगलगायवालं कार्टून शोधत असाल तर नव्या छपाईत नाहीये, माझ्या कॉपीतही नाही. गोगलगाय म्हणजे संविधानाचं काम, वर बाबासाहेब, मागे नेहरू, दोघांच्या हातात चाबूक. मे २०१२ ला संसदेत गदारोळ झाला, सरकारने ते काढायचं जाहीर केलं, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या ऑफिसची तोडफोड झाली. तोडफोड चूकच, त्यात पण-बिण नाही. तरी ज्यांना ते लागलं त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. घटना करायला जवळजवळ तीन वर्षं का लागली ते बाजूच्या मजकुरात होतं, पण चित्र आधी दिसतं ना, आणि बाबासाहेबांच्या मागे चाबूक उगारलेला दिसल्यावर मजकूर कोण वाचत बसणार.

बाकी छपाई ठीकठाक, काही कार्टून्स इतकी बारीक की भिंग लागेल. सेकंड हँड घेताना पानं चाळून घ्या, माझ्या कॉपीत आधीच्या मालकाने उन्नीला दाढीमिशा काढून ठेवल्यात, दुकानदाराने त्याचे पैसे वेगळे लावले नाहीत एवढंच.