ईआयएचा बुधवारचा रिपोर्ट, चार वर्षं वापरून झाल्यावर

एमसीएक्सवर, म्हणजे आपल्याकडच्या कमोडिटी बाजारात, क्रूडचे म्हणजे कच्च्या तेलाचे सौदे करणाऱ्यांना बुधवारची रात्र काय असते ते सांगायला नको. उन्हाळ्यात आठ वाजता आणि तिकडची घड्याळं मागे गेली की नऊ वाजता इन्व्हेंटरी, म्हणजे अमेरिकेतल्या तेलसाठ्याचा आकडा, येते, आणि त्या मिनिटाला भाव असा उडतो की ताटातलं जेवण गार होतं. हा आकडा काढतं अमेरिकेचं एनर्जी इन्फर्मेशन ॲडमिनिस्ट्रेशन, ईआयए, त्यांचं 1977 पासूनचं सरकारी खातं. बहुतेक जण फक्त ड्रॉ (साठा घटला) आला का बिल्ड (साठा वाढला) आला एवढं बघतात आणि टॅब बंद करतात, मीपण सुरुवातीला तेच करायचो. पण आता चार वर्षं झाली आणि मला वाटतं की त्या एका आकड्यापेक्षा बाकीचा रिपोर्टच जास्त कामाचा आहे, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय.

माझे डोळे उघडले ते एका डिसेंबरात. आम्ही एका टिप्सवाल्या ग्रुपमध्ये होतो, नाव घेत नाही, तिथे मेसेज आला की अमेरिकेची इम्पोर्ट पडली, मागणी संपली, विका. मावसभावाने भाव पडेल म्हणून दोन मिनी लॉट (छोटे सौदे) विकले आणि भाव वर गेला. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही दोघांनी रिपोर्टचं पहिलं टेबल नीट वाचलं, त्याला ते बॅलन्स शीट म्हणतात आणि खरंच वाण्याच्या वहीसारखं आहे ते. किती तेल जमिनीतून निघालं, किती बाहेरून आलं, किती बाहेर गेलं, साठ्यातून किती काढलं किंवा भरलं, रिफायनरीत किती गेलं. इम्पोर्ट ही त्यातली फक्त एक ओळ. घरात दुकानातून तांदूळ आणणं कमी झालं म्हणजे खाणारी माणसं कमी झाली असं कोणी म्हणतं का, गावाकडून पोतं आलं असेल, नाहीतर डब्यातला जुना संपवत असतील. तेलाचंही तसंच, फक्त ते बघायला बाकीच्या ओळी वाचाव्या लागतात.

आणि डिसेंबरचं कारण कळल्यावर तर मी थक्क झालो. टेक्सास आणि लुइझियानामध्ये वर्षाच्या शेवटी टाकीत जे तेल पडलेलं असेल त्याच्यावर टॅक्स लागतो. मग रिफायनऱ्या काय करतात, डिसेंबरात बाहेरून जहाजं कमी मागवतात आणि टाकीतलं वापरून टाकतात, म्हणजे इम्पोर्टही खाली आणि साठाही खाली. मागणीचा काही संबंधच नाही! तसंच ह्युस्टनच्या खाडीत हिवाळ्यात धुकं पडलं की जहाजं बाहेर थांबतात, त्या आठवड्याला इम्पोर्ट पडते आणि पुढच्या आठवड्याला तीच जहाजं एकदम आत येऊन आकडा फुगतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळात बंदरंच बंद होती. त्यामुळे मी आता इम्पोर्ट कधीच एका आठवड्याची बघत नाही, चार आठवड्यांची सरासरी बघतो, ती त्याच रिपोर्टमध्ये तयार मिळते.

पण खरा खजिना जुन्या डेटात आहे. 1949 पासूनचे वार्षिक आकडे आहेत, सगळे फुकट, एक्सेलमध्ये उतरतात. मी एक रविवार बसून 2005 आणि 2018 शेजारी शेजारी ठेवले. 2005 मध्ये अमेरिका दिवसाला साधारण 2 कोटी 8 लाख बॅरल वापरायची आणि त्यातलं निव्वळ बाहेरचं (आलेलं वजा बाहेर पाठवलेलं) 1 कोटी 25 लाख, म्हणजे 60 टक्के. 2018 मध्ये वापर 2 कोटी 5 लाखाच्या आसपास, जवळपास तेवढाच की, आणि निव्वळ इम्पोर्ट फक्त 23 लाख. मधे मंदी आली, वापर पडला, गाड्यांच्या मायलेजचे नियम कडक झाले, ते सगळं खरं आहे, पण वापर पुन्हा वर आला तरी इम्पोर्ट वर आली नाही. म्हणजे मागणी पडली म्हणून इम्पोर्ट पडली हे उत्तर अर्धंसुद्धा नाही.

मग बाकीचं कुठून आलं? मोठा वाटा शेलचा, म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या तेलाचा. नॉर्थ डकोटातलं बाकन, टेक्सासातलं ईगल फोर्ड आणि पर्मियन, आडवं ड्रिलिंग आणि फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडक फोडणं) करून 2008 मध्ये दिवसाला 50 लाख बॅरल असलेलं क्रूड 2018 पर्यंत 1 कोटी 10 लाखाच्या जवळ गेलं. गॅसबरोबर निघणारं प्रोपेन वगैरे वेगळंच. मग मक्याचं इथेनॉल, 2005 आणि 2007 च्या कायद्यांनी ते पेट्रोलमध्ये घालणं भाग पाडलं, आता तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के तेच असतं. आणि निव्वळ हा शब्द फार महत्त्वाचा, कारण बाहेरून येणारं एकूण तेल 2018 मध्येसुद्धा दिवसाला 1 कोटी बॅरलच्या जवळ होतं, फक्त बाहेर जाणारं 12 लाखावरून 76 लाखावर गेलं. 2015 च्या डिसेंबरात क्रूड एक्स्पोर्टवरची बंदी उठली, डिझेल आणि पेट्रोल तर आधीपासून जातच होतं.

ज्यांना अजून खोल जायचंय त्यांनी देशवार टेबल बघा. 2010 मध्ये नायजेरियाचं क्रूड दिवसाला 10 लाख बॅरल अमेरिकेत यायचं, 2014 पर्यंत ते जवळपास संपलं, कारण शेलचं तेल तसंच हलकं आणि गोडं, म्हणजे कमी सल्फरचं, त्यामुळे पहिला फटका तसलंच तेल विकणाऱ्यांना बसला. कॅनडाचं जड तेल मात्र वाढत गेलं, कारण कित्येक रिफायनऱ्या जड तेलासाठीच बांधलेल्या आहेत. नायजेरियाचं ते तेल आपल्याकडे वळलं आणि भारत त्यांचं मोठं गिऱ्हाईक झाला. हे मी स्वतः टेबलमधून शोधलं तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्या ट्रेडमध्ये झालेला नाही.

साठ्याची ओळपण वेगळी बघा. 2022 मध्ये सरकारने मिठाच्या गुहांमधला राखीव साठा सोडला, 18 कोटी बॅरल जाहीर केले होते, 2023 च्या उन्हाळ्यात तो साठा 1983 नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीवर होता. अशा काळात रिफायनरीला घरचंच तेल मिळतं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. आठवड्याचे आकडे अंदाज असतात, पक्के आकडे महिन्याच्या रिपोर्टमध्ये दोन महिन्यांनी येतात आणि कधी कधी बराच फरक निघतो. ॲडजस्टमेंट नावाची एक ओळ आहे, हिशोब जुळला नाही की फरक तिथे, आणि ती मोठी असली की बाकीच्यावर किती भरवसा ठेवायचा कळत नाही. ज्याला मागणी म्हणतात ती प्रॉडक्ट सप्लाइडची ओळ म्हणजे पंपावर विकलेलं तेल नाही, मोठ्या टाक्यांमधून आणि रिफायनऱ्यांमधून बाहेर पडलेलं तेल, हे नवीन माणसाला कोणीतरी सांगायलाच पाहिजे. मोबाईलवर टेबलं वाचणं त्रासाचं. आपल्याकडे पीपीएसी, म्हणजे पेट्रोलियम मंत्रालयाचा आकडेवारी ठेवणारा विभाग, महिन्याचे आकडे चांगले देते, पण दर आठवड्याला असं काही आपल्याला मिळत नाही, आणि आपण तर 85 टक्क्यांहून जास्त क्रूड बाहेरून आणतो, मिळायला हवं असं मनापासून वाटतं.

5 पैकी साडेचार. पहिल्यांदा उघडणार असाल तर टेबल 1 घ्या, इम्पोर्टच्या ओळीवर बोट ठेवा आणि वरखाली उत्पादन, एक्स्पोर्ट, साठा, रिफायनरी इनपुट अशा चार ओळी वाचा, पाच मिनिटं लागतात. पुढे कधीतरी कंपनीवार इम्पोर्टची फाइल उघडा, कुठल्या कंपनीने कुठल्या देशातून कुठल्या बंदरात किती आणि किती सल्फरचं तेल उतरवलं हे ओळीओळीने लिहिलेलं असतं, आम्ही दोघं अजून 2012 च्या फाइलमध्येच अडकलोय.