पोर्ट बदलावे की आयसी? कन्सोलचे चित्र गेल्यावर

गेम कन्सोल सुरू होतो, दिवा पांढरा होतो, पंखा फिरतो, कंट्रोलरही जोडला जातो. पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’ या अक्षरांखेरीज काहीच येत नाही. अशा वेळी मालकापुढे बहुधा दोन खर्च ठेवले जातात: मागचे एचडीएमआय पोर्ट बदलणे किंवा त्या पोर्टला चित्र पुरवणारी एचडीएमआय आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, बदलणे. पोर्ट डोळ्यांना दिसते आणि स्वस्तही असते, त्यामुळे तेच आधी बदलून पाहावे, असा सर्वसाधारण कल आहे. गोव्यातल्या फोंड्यात कन्सोल दुरुस्त करताना माझे मत मात्र पक्के झाले आहे, की मोजमाप घेतल्याशिवाय या दोहोंपैकी काहीही बदलू नये; चुकीचा पहिला प्रयत्न दुसऱ्या, योग्य दुरुस्तीची वाट अवघड करतो.

त्याआधी दोष खरोखरच चित्राच्या वाटेत आहे का, हे ठरवावे. प्लेस्टेशन ४ चा दिवा निळाच राहून यंत्र बंद पडत असेल, तर पोर्ट आणि आयसी ही तुलना तेथे बहुधा लागू होत नाही. दोष आधी मुख्य प्रोसेसर किंवा वीजपुरवठा अशा बाजूंना शोधावा लागतो. दिवा स्थिर पांढरा असेल, तर दुसरी केबल आणि दुसरा टीव्ही लावून पाहावा, नंतर कन्सोल बंद करून पॉवर बटण सुमारे ७ सेकंद, दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, दाबून सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या मूलभूत मेनूत) जाण्याचा प्रयत्न करावा. कन्सोलचा खेळ नेटवर्कवरून फोनवर दाखवणारे रिमोट प्ले आधीपासून जोडलेले असेल आणि त्यावर खेळ दिसत असेल, तर आतले सारे ठीक आहे आणि बिघाड शेवटच्या टप्प्यातच आहे, असे समजण्यास भक्कम आधार मिळतो.

यानंतर चित्र कधी आणि कसे गेले, ही विचारपूस करावी. मला ती मीटरइतकीच मोलाची वाटते. चवथीच्या दिवसांत हॉलमध्ये गणपती बसतो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची असते, म्हणून टीव्ही आणि कन्सोल आतल्या खोलीत हलवले जातात आणि त्या घाईत केबल ओढली जाते. त्यानंतर चित्र गेले असेल, तर संशय पोर्टवर जातो: आतली पट्टी मोडलेली असते, पिना वाकलेल्या असतात किंवा डाख (सोल्डर) सुटलेला असतो. उलट मे महिन्याच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट झाला आणि दुसऱ्या दिवशी चित्र नाही, तर संशय आयसीवर जातो. छपरावरच्या डिश अँटेनाची केबल सेट-टॉप बॉक्समध्ये येते, तेथून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयने कन्सोलमध्ये. भिंतीवरचे बटण बंद केले तरी ही वाट उघडीच राहते. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, तेव्हा मात्र काही वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोलने केलेली स्वच्छताच पुरते.

मोजणी मल्टिमीटरच्या डायोड मोडवर, वीज पूर्ण काढून करावी. लाल टोक पोर्टच्या धातूच्या कवचावर आणि काळे टोक एकेका पिनेवर ठेवावे. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १ व ३, ४ व ६, ७ व ९, १० व १२ या चार जोड्या चित्र आणि त्याचे क्लॉक (वेळ जुळवणारा संकेत) वाहून नेतात. २, ५, ८, ११ आणि १७ ग्राउंडला जातात. १८ वर ५ व्होल्ट असतात आणि १९ मुळे टीव्ही जोडला गेल्याचे कन्सोलला कळते. आकडा बोर्डानुसार बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा आठही वाचने एकसारखी आहेत का, हे पाहावे. एखाद्या पिनेवर मीटर ‘ओएल’ (मर्यादेबाहेर, म्हणजे वाट तुटलेली) दाखवत असेल, तर पोर्ट आणि आयसी यांच्यामधल्या बारीक फिल्टरच्या दोन्ही बाजू मोजाव्यात. आयसीच्या बाजूला वाचन व्यवस्थित असेल, तर आयसी बहुधा शाबूत असून दोष पोर्ट, डाख, ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) किंवा फिल्टर यांत आहे. आयसीच्या बाजूलाच वाचन शून्याजवळ किंवा ‘ओएल’ असेल, तर नवे पोर्ट लावून चित्र येणार नाही.

येथे एक फसगत होते, जी मी स्वतः अनुभवली आहे. टोक डाखावर दाबले की सुटलेली पिन पॅडला (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला) टेकते आणि वाचन बरोबर येते. त्यामुळे पोर्टमध्ये खोचायचा, प्रत्येक पिन बाहेर काढून देणारा छोटा टेस्टर बोर्ड वापरून दुसऱ्यांदा मोजावे. दोन्ही मोजण्यांत फरक आला, तर दोष पोर्टचाच.

जोखमीच्या दृष्टीने दोन्ही कामे सारखी नाहीत. पोर्टचे जाड पाय ग्राउंडच्या तांब्यात रुतलेले असल्याने उष्णता झपाट्याने पसरते, आणि शिसेविरहित डाख साधारण २१७ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. घाईत ओढल्यास पॅड उखडतात आणि मग केसासारख्या तारा जोडाव्या लागतात. आयसीसाठी मायक्रोस्कोप, हॉट एअर आणि नेमका भाग हवा: पहिल्या प्लेस्टेशन ४ मध्ये एमएन८६४७१ए, स्लिम आणि प्रो मध्ये एमएन८६४७२९, प्लेस्टेशन ५ मध्ये एमएन८६४७३९, आणि एकाच्या जागी दुसरी चालत नाही. आयसी महाग पडते आणि ती बसवणारे हातही कमी. तरीही मोजणी तिच्याकडे बोट दाखवत असेल, तर मी आधी पोर्टवर उष्णता खर्च करणार नाही.

चित्र ७२०पीवर येते पण १०८०पीवर ठिपके उडतात, असे असेल तर निर्णय थोडा थांबवावा. १०८०पीला ६० फ्रेमवर क्लॉक दुप्पट, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ लागतो, आणि अर्धवट टेकलेली पिन किंवा खराब केबल तेथेच उघडी पडते. अशा वेळी मी पोर्टच्या बाजूने कौल देतो.

निन्टेन्डो स्विचला ही तुलना जशीच्या तशी लावू नये, कारण त्याचे एचडीएमआय डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडण्यासाठीच्या वेगळ्या स्टँडमध्ये, असते. हातातल्या पडद्यावर चित्र दिसत असेल, तर आधी दुसरा डॉक लावून पाहावा.

म्हापसा, पणजी किंवा मडगाव, दुकान कोठलेही असो, कन्सोल देताना घरातली तीच केबल सोबत न्यावी, चित्र कोणत्या दिवशी आणि कशानंतर गेले ते सांगावे, आणि पोर्ट काढण्यापूर्वी आठही वाचने कागदावर लिहून मागावीत.