नवी ग्रंथालय इमारत: पॅरिस, लंडन की सिंगापूर?

ठाण्याला 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालयाची परंपरा आहे. त्यामुळे इथे वाचनालयाच्या नव्या इमारतीचा विषय निघाला की माणसे जिव्हाळ्याने बोलतात. मग आर्किटेक्टचे सादरीकरण होते आणि पडद्यावर परदेशी राष्ट्रीय ग्रंथालयांचे फोटो झळकतात. कार्यकारिणीतल्या मंडळींना माझे कळकळीचे सांगणे आहे: पुस्तके कुठे ठेवलीत आणि ऊन-पाण्यापासून ती कशी राखलीत, हे आधी पाहा.

फोटोत सगळ्यात देखणे दिसते ते पॅरिसचे. दोमिनिक पेरो यांनी चार कोपऱ्यांवर उघड्या पुस्तकाच्या आकाराचे, 79 मीटर उंच काचेचे मनोरे उभे केले आणि वाचकांना खाली, खोलगट बागेभोवती बसवले. म्हणजे पुस्तके वर मनोऱ्यांत, उन्हात आणि माणसे तळाशी. शेवटी काचेच्या आत लाकडी झडपा लावून ऊन अडवावे लागले. बाहेरचे लाकडी फळ्यांचे पटांगण ओले झाले की निसरडे होते. आपल्याकडे तर पाऊस चार महिने असतो आणि वाचनालयात येणाऱ्यांत काठी टेकत येणारे आजोबाही असतात. हा नमुना मी बाजूलाच ठेवेन.

लंडनची ब्रिटिश लायब्ररी कॉलिन सेंट जॉन विल्सन यांची. ती 1997 मध्ये वाचकांसाठी उघडू लागली. बाहेरून साधी लाल विटांची, आत मात्र हात लागेल तिथे जीव ओतलेला: जिन्याच्या कठड्यांना चामडे गुंडाळले आहे, जोडीला पितळ आणि ओकचे लाकूड. रोज हजारो हात लागूनही ते शोभून दिसते. पुस्तकांचा मोठा साठा जमिनीखाली, जवळपास 25 मीटर खोलवर गेलेल्या तळघरांत आहे. तिथे ऊन नाही आणि तापमान स्थिर ठेवणे सोपे. पण ठाणे-नवी मुंबईत तळघरात पुस्तके? खाडीला भरती आणि वर मुसळधार, असे दोन्ही जुळून आले की पाणी कुठे शिरते हे 26 जुलै 2005 ला आपण पाहिले. नवी मुंबईत सिडकोने धारण तलाव (भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवणारे तलाव) राखले ते याच भरतीच्या धास्तीने. पंप आहेत म्हणावे, तर नेमकी तेव्हाच वीज जाते.

सिंगापूर आपल्या हवेच्या सगळ्यात जवळचे. केन यांग यांची 16 मजली इमारत 2005 मध्ये उघडली. दोन भाग पुलांनी जोडलेले आणि मधून वारा खेळतो. दर्शनी भागावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या आहेत, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत रुंद. हा आपला छज्जाच, फक्त हिशेबाने काढलेला. आपल्याकडे तो उन्हासोबत नैऋत्येकडून येणारी पावसाची झडही अडवेल. तसे झाले नाही की काय होते, ते कुठल्याही जुन्या वाचनालयात पश्चिमेच्या भिंतीलगतचे कपाट उघडून पाहा: पुठ्ठे मऊ पडलेले, पानांना कसर लागलेली, वर पांढरट बुरशी. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला रान मोकळे. एक खबरदारी मात्र हवी. प्रत्येक पट्टीवर कबुतरे बसणार, तेव्हा जाळी आणि सफाईची वाट नकाशातच दाखवून घ्या.

तिथली मजल्यांची वाटणीही मला पटते. देवघेव विभाग तळाशी, रस्त्यावरून लगेच पोचता येईल असा, आणि संदर्भ ग्रंथालय सातव्या मजल्यापासून वर. आपल्याकडे देवघेव तळमजल्यावर आणि अभ्यासिका वर नेली, तर पुस्तक बदलायला आलेल्या लहानग्यांच्या गलबल्याने एमपीएससीची मुले विचलित होणार नाहीत. फक्त सिंगापूरची वाचनदालने वातानुकूलित आहेत. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला तो खर्च झेपणार नाही, म्हणून एसी दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीपुरताच ठेवावा.

तेव्हा माझा कौल सिंगापूरच्या मांडणीला, आणि हाताला लागणाऱ्या वस्तू लंडनसारख्या टिकाऊ. पुनर्विकासात बिल्डर एखादा मजला वाचनालयाला देत असेल, तर आणखी एक गोष्ट लेखी मागा. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात, पुस्तकांच्या मांडण्यांसाठी किमान 600 किलो धरावा लागतो. फ्लॅटसाठी आखलेला मजला नंतर वाचनालयाला दिला तर तो हा भार पेलणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आकडा हातात येईपर्यंत करारावर सही करू नका.