शिशाचं सील मी डोळ्यांनी पाहिलं होतं

बावळट म्हणा, काहीही म्हणा. २६,५०० रुपये घालवून बसलोय.

माझी २००६ ची डिझेल इंडिका. सकाळी तीन-चारदा सेल्फ मारावा लागायचा, आत डिझेलचा वास, आणि पार्किंगमध्ये वाटीएवढा ओला डाग. ओळखीतून, इंजिनाला डिझेल पुरवणारे पंप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निकाल: "पंप गेला साहेब. बीएस-सिक्सच्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेलने जुने सील आटतात." इथेच मी गार. कारण ही निव्वळ थाप नाही. एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, आणि अशा डिझेलने जुने रबरी सील आक्रसून गळायला लागू शकतात, हे मी वाचलेलं होतं. माझंच वाचन माझ्या अंगाशी आलं.

१२,००० यूपीआयने आगाऊ, १४,५०० रोख. रोख का? "पक्कं बिल हवं तर वर १८ टक्के." म्हणजे ४,७७०. ते मी वाचवले. हसा.

पाचव्या दिवशी पंप बसवून दाखवला, चकाचक काळा रंग मारलेला. या पंपावर डिझेलची मात्रा ठरवणारा स्क्रू असतो, त्याला तार आणि शिशाचं सील. बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, पंप उघडून मात्रा जुळवली की ते सहसा तुटलेलं तरी असतं, नाहीतर नवं. माझ्यासमोर होतं ते जुनंच! तारेच्या पिळात वर्षांचा तेलकट मळ, आणि त्या मळावरूनच रंगाचा फवारा. मी त्यावर बोट ठेवलं. विचारलंसुद्धा. "नवीनच आहे, रंग लागलाय." आणि मी मान डोलावली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, चारचौघांत हुज्जत कशाला, असं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

नवव्या दिवशी डाग परत. दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन धुऊन, कोरडं करून टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी चालू ठेवली. दहा मिनिटांत नोझलवरच्या रिटर्न पाइपापाशी, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीपाशी, पावडर ओली. बोटाएवढीही जाड नसलेली ती नळी कडक होऊन चिरली होती. गाडी बंद असताना तिथूनच हवा शिरायची, म्हणून सकाळचं रडगाणं. नळी, तांब्याचे दोन वॉशर, मजुरी धरून ४२०. पंपाच्या बोल्टवर पान्याची खूणही नव्हती. आधी पावडर, मग पंप, एवढं तरी लक्षात ठेवा. आणि चालू इंजिनावर गळती हाताने चाचपू नका, प्रेशर पाइपाची धार कातडीत घुसते.

चौकीत दीड तास बसवून "हा दिवाणी मामला." परिवहन कार्यालयात म्हणे, गॅरेज आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीच्या फोनवर तीनदा तोच प्रश्न: बिल आहे का? अहो, बिल न देणं हाच तर त्याचा धंदा! ज्याला बिल मिळालं नाही त्यानेच बिल दाखवायचं, तेही दुपारच्या सुट्टीनंतर, दुसऱ्या खिडकीवर. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे यांतल्या एकानेही सांगितलं नाही. मीच शोधलं.

काढलेले जुने रबरी सील पिशवीत घालून मागा, बेंचचा रिपोर्ट मागा. नाही म्हणाला तर गाडी टो करून न्या, पण न्या.

अर्ज लिहितोय. १२,००० चा यूपीआयचा पुरावा आहे, रंगवलेल्या सीलचा फोटो आहे. १४,५०० चे साक्षीदार दोघंच, तो आणि मी.