टॅन, कॅरामल, चेस्टनट की रस्ट? तपकिरीला इंग्रजीत काय म्हणावं

कोल्हापुरी चपला, चामडी पिशव्या किंवा हातमागाचं कापड ऑनलाइन विकताना रंगाच्या रकान्यात नुसतं ‘ब्राउन’ लिहिलं की गिऱ्हाईक मनानेच एखादी छटा धरून बसतं आणि माल परत येतो. शब्द ठरवण्याआधी वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली राखाडीकडे झुकणारा ‘टोप’ (taupe) हा तपकिरीसुद्धा उबदार भासतो. झाक पिवळी की तांबूस, एवढंच आधी ठरवायचं.

पिवळ्या बाजूला टॅन, कॅमल, कॅरामल. टॅन हा शब्दच झाडाच्या सालीने कातडं कमावण्यावरून आलेला, त्यामुळे बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कोल्हापुरीला तो चपखल बसतो. घोळ असा, की कापडात टॅन म्हणजे फिकी वाळू आणि चपलांत चांगला नारिंगी तपकिरी. म्हणून कोऱ्या जोडाला ‘नॅचरल टॅन’, तेल पिऊन काळवंडलेल्याला ‘डार्क टॅन’ लिहा. कॅमल लोकरीच्या शाली-कोटांना. कॅरामल म्हणजे चिक्कीचा पाक: गडद, पण आतून उजेड असलेला. चकाकत्या चामड्याला किंवा रेशमाला छान. खादीवर तो शब्द उगाच गोड वाटतो.

तांबूस बाजूला खरी निवड चेस्टनट आणि रस्टमध्ये. चेस्टनट हे एक कवचाचं फळ; रंग आपल्या चिंचोक्यासारखा: गडद, तुकतुकीत, लाली दडलेली. रस्टमध्ये नारिंगी उघड दिसतो, गंजासारखा. आपला विटकरी बहुतेकदा रस्टच. लाल जास्त असेल तर ‘ब्रिक रेड’. रसेट रस्टच्या जवळचा, पण जरा पुस्तकी. त्यावरून त्याच नावाचा बटाटाही आठवतो. ऑबर्न हा शब्द तांबूस तपकिरी केसांसाठी राखून ठेवा, पर्सला लावू नका.

शब्दशः भाषांतर तीन ठिकाणी हमखास फसतं. ‘बदामी’ला ‘आल्मंड’ लिहिलं तर अनेकांना सोललेल्या बदामाचा साईसारखा रंग वाटेल. आपल्या बदामीला ‘लाइट टॅन’ किंवा ‘बेज’ बरा. ‘मरून’ फ्रेंचमधल्या चेस्टनटच्या नावावरून आला, तरी आज तो गडद लालच आहे. आणि वेबसाइटच्या कोडमध्ये ‘चॉकलेट’ लिहाल तर चॉकलेटी नव्हे, नारिंगी ठिपका उमटेल: २५५ पैकी लाल २१०, हिरवा १०५, निळा ३०. ‘सॅडलब्राउन’ (१३९, ६९, १९) त्यापेक्षा बराच जवळ जातो.