द फॅमिली मॅन : फायरमनच्या मुलीच्या नजरेतून (५ पैकी ४ स्टार)

माझे बाबा मुंबई फायर ब्रिगेडमध्ये होते, लहानपण सगळं भायखळ्याला क्वार्टर्समध्ये गेलं, त्यामुळे २०१९ पासून प्राइम व्हिडिओवर ही सिरीज बघताना अतिरेकी, गोळीबार राहू दे बाजूला, घरातले सीन आले की माझा जीव अडकतो. मनोज बाजपेयी काम जबरदस्त करतो, त्यावर काय बोलणार. पण त्याने केलेल्या श्रीकांत तिवारीसारख्या, घरच्यांपासून काम लपवणाऱ्या गुप्तहेराने मुलं होऊच द्यायला नको होती असं बरेच जण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. जिवावरची नोकरी आणि बापपण जमतं, मी बघितलंय. जमत नाही ते घरात रोज खोटं बोलणं.

सीझन २ च बघा (स्पॉयलर आहे). श्रीकांत टास्क (त्याची गुप्तचर संस्था) सोडून आयटी कंपनीत लागतो, आता घरच्यांना वेळ देणार म्हणून, आणि लक्ष सगळं जुना सहकारी जेके याला फोन करून केसचं काय झालं विचारण्यात. मुलगी धृतीशी धड दोन वाक्यं बोलणं होत नाही. तिकडे शत्रूने पेरलेला पोरगा तिचा बॉयफ्रेंड होऊन तिला पळवतो, आणि त्या बिचारीला कल्पनाच नाही की बाबामुळे आपल्यावर कोणाचा डोळा असेल. आपण जासूस आहोत हे मुलांना सांगतो कधी, तर सीझन ३ मध्ये!

आमच्याकडे बाबा वर्दीवरून, म्हणजे आगीच्या कॉलवरून, आले की आई युनिफॉर्म आधी बादलीत टाकायची, पाणी काळंकुट्ट व्हायचं, मोरीत दोन दिवस धुराचा वास. आम्ही विचारायचो आग कुठे होती, तर ते सगळं सांगायचे, कितवा मजला, कोण अडकलेलं, आणि कोणी वाचलं नसेल तर तेही. १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात ६६ फायरमन गेले, दर १४ एप्रिलला त्यांना मानवंदना असते, तिथे आम्हाला हाताला धरून न्यायचे. माझ्या दहावीच्या निकालाला ते नव्हते, राग आला होता, पण कुठे आहेत ते माहीत होतं.

श्रीकांतची बायको झालेली प्रियामणी आणि धृती झालेली अश्लेषा ठाकूर दोघी मस्त. एक स्टार कापला तो सीझन ३ ची गोष्ट शेवटी अर्धवट सोडली त्याबद्दल. शिव्या भरपूर आहेत, लहान मुलांसोबत नका बघू.

सीझन २ मी बाबांबरोबर बघितला. धृतीला पळवलं तिथे त्यांनी पॉज केलं आणि विचारलं, तुला भीती वाटायची का गं तेव्हा? म्हटलं, हो बाबा, रोज.