वरच्या काकांचं नेट आणि माझे 21,200 रुपये

डोंबिवलीत माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म आणि फ्लेक्स डिझाईन. मागच्या जूनमध्ये अ‍ॅडमिशनच्या गर्दीत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम भागेना म्हणून लाईन घ्यायचं चाललं होतं, आणि नेमका एक पोरगा दुकानात हजर, गळ्यात मोठ्या कंपनीचं आयकार्ड. "दादा, बिझनेस प्लॅन घ्या, 100 एमबीपीएस, अपलोड पण तेवढंच, वर लँडलाईन नंबर फ्री." महिना 1,499, वर्षाचे एकदम भरले तर इन्स्टॉलेशन माफ. 17,988 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 21,225 आणि वर काही पैसे. त्याने वरचे 25 सोडले, मला वाटलं पोरगा चांगला आहे.

स्कॅनर त्याच्याच मोबाईलवर. स्कॅन केलं तर कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे "आमचे अकाउंटंट आहेत दादा, कंपनीत डायरेक्ट भरलं तर डिस्काउंट जाईल". इथेच थांबायला पाहिजे होतं, पण समोर चार गिऱ्हाईकं खोळंबलेली, दाबला पिन.

संध्याकाळी वायर आली, नेट सुरू, फोन सुरू. मी लगेच बोर्डावर तो नंबर टाकला आणि 1000 व्हिजिटिंग कार्ड छापली, घरचंच काम.

अपलोड मात्र रडत होतं. 300 एमबीची फ्लेक्सची फाईल प्रेसला पाठवायला 100 च्या लाईनवर अर्धा मिनिट पुरे (8 मेगाबिट म्हणजे 1 एमबी, तेव्हा सेकंदाला साडेबारा एमबी), मला 10 मिनिटं लागायची. फोन केला की "दादा, स्पीड अपटू असतो".

मग गणपती आले. आमचा ऐन सीझन, मंडळांचे बॅनर, आणि नेट गेलं ते सहा दिवस गेलं. पोरगा रोज सांगतोय रस्ता खोदलाय, फायबर कट झालंय. सातव्या दिवशी सकाळी आपोआप आलं, आणि त्याच सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका कोकणातून परत आलेले. मी बाहेर जाऊन आमची काळी वायर बघत गेलो तर ती ड्रेनेजच्या पाईपला धरून थेट काकांच्या गॅलरीत! काका म्हणाले, "तो पोरगा म्हणाला बिल्डिंगचा बूस्टर आहे, राहू द्या. आम्ही गावाला जाताना मेन स्विच बंद करून गेलो." काकांच्या मोबाईलवरून कस्टमर केअरला लावलं. 599 चा घरगुती प्लॅन, लाईन काकांच्या नावावर, बिल काका भरतायत, आणि माझ्या बोर्डावरचा लँडलाईन नंबरही काकांचाच.

पावती घेऊन सीएकडे गेलो, त्याने एका नजरेत सांगितलं, "जीएसटी नंबर 24 ने सुरू होतोय, ते गुजरात, आपला 27 असतो." जीएसटीच्या साईटवर नंबर फुकट शोधता येतो, शोधला तर रद्द झालेला. तो एक मिनिट मी जूनमध्ये काढला असता तर.

पोराचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाईनवर तक्रार केली, पोलिसात अर्ज दिला, पण तीन महिने उलटलेले, खात्यात काही उरलं नव्हतं. कंपनी म्हणते असा एजंटच आमच्याकडे नाही.

आता नवी लाईन घेतलीय, पैसे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये भरले, आणि माझ्या नावाचा कस्टमर आयडी मेसेजमध्ये आल्यावरच वायर आत घेतली. तुमच्याकडे आधीच लाईन असेल तर आजच कस्टमर केअरला फोन करून विचारा ती नक्की कुणाच्या नावावर आहे. आणि बोर्डावर मोबाईल नंबर टाका बाबांनो, तो 1900 ला मेसेज करून पोर्ट तरी होतो, लँडलाईनचं तसं नाही.

बोर्ड बदलला, पण जुनी कार्डं गावभर फिरतायत. काका अजून गॅलरीतून हाक मारतात, "अरे, दहा बाय वीसचा रेट विचारतायत, काय सांगू?"